कोष्टक बाजूला ठेवा, आधी तारखा कापा

प्रश्न : नमस्कार. आमच्या भागातल्या स्काउट पथकाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. अकरा ते पंधरा वयाची सव्वीस मुलं-मुली, चार संघ, आठवड्यातून एकदा दीड तासाची सभा. आधीचे स्काउटमास्टर सगळं डोक्यात ठेवायचे, त्यामुळे लिहिलेलं काहीच मागे नाही. मी बावन्न आठवड्यांचं कोष्टक आखलं. गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, वृक्षारोपण असं करत तेवीस रकाने भरले आणि गाडी अडली. पालक विचारतात, पुढचा बॅज कधी? चौदा-पंधराची मुलं मागे बसून घड्याळ बघतात. दोन सहायक आहेत, दोघंही नोकरीवाले. एका संघाचा नायक इतका लाजाळू आहे की त्याचा संघ त्याला मोजतच नाही. त्याला बदलू का? आणि मुख्य म्हणजे, तुमच्याकडे वर्षभराचा तयार आराखडा असेल तर द्याल का?
– नवा स्काउटमास्टर

उत्तर : तयार आराखडे माझ्याकडे आहेत, पण त्यातला एकही तुम्हाला देणार नाही. ते दुसऱ्या पथकांचे आहेत. त्या मुलांना काय हवं होतं, त्यांच्या मोठ्या माणसांना काय जमत होतं, ते त्यात उतरलंय. तुमच्या सव्वीस जणांचा त्यात कुठे पत्ता नाही. तेविसाव्या रकान्यावर तुमची गाडी अडली याचंही मला नवल वाटलं नाही. वर्षभराच्या कल्पना एकट्याने काढायला बसलं की कुणाचीही अडते.

आधी थोडं गणित करू. वर्षाचे बावन्न आठवडे असले तरी परीक्षा, सुट्ट्या, सणवार आणि ऐनवेळी रद्द होणारे दिवस वजा केले की हाती साधारण अडतीस सभा उरतात. दीड तासाच्या हिशेबाने सत्तावन्न तास. आता शुक्रवारी संध्याकाळी सहाला निघून रविवारी दुपारी बाराला संपणारं एक शिबिर घ्या. झोपेचे तास सोडले तरी मुलं सव्वीस तास जागी असतात, म्हणजे एका शिबिरात सतरा सभांएवढा वेळ मिळतो. अशी दोन शिबिरं झाली की ती वर्षभराच्या सगळ्या सभांच्या जवळपास पोचतात. तुमच्या कोष्टकात मात्र शिबिर हा बावन्नातला एक रकाना असणार, ‘लॅशिंग’ (दोराने काठ्या एकमेकींना बांधणं) आणि ‘ध्वजाची माहिती’ यांच्या मधला. खरं तर वर्ष शिबिरांवर उभं राहतं आणि सभा त्यांच्या तयारीसाठी असतात. हा क्रम एकदा पटला की रकाने कशाने भरायचे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

म्हणून पहिली बैठक तुम्ही आणि दोन्ही सहायक, तिघांचीच. समोर कॅलेंडर आणि लाल पेन. परीक्षांचे आठवडे कापा. लांब सुट्ट्या कापा. ज्या दिवसांत तुमच्याकडे बाहेर रात्र काढणं शक्य नसतं, ते शिबिरासाठी बाद. मग तिघांनी आपापले दिवस प्रामाणिकपणे कापायचे: ऑफिसचा वर्षअखेरचा गोंधळ, घरातलं लग्न, आईचं ऑपरेशन. नोकरीवाले सहायक ऐनवेळी ‘येत नाही’ म्हणतात तेव्हा बहुधा ते त्यांना आधीपासून माहीत असतं, कुणी विचारलेलं नसतं एवढंच. हे काम कंटाळवाणं आहे आणि याला तासभर पुरतो.

उरलेल्या जागेत चार खुंट्या ठोका, जास्त नकोत. पहिल्या सहा आठवड्यांच्या आत एक दिवसभराची भटकंती, कारण नवीन वर्षाचा उत्साह तेवढाच टिकतो. वर्षाच्या मध्यावर दोन रात्रींचं शिबिर. शेवटाकडे मोठं शिबिर, जमलं तर तीन रात्रींचं. आणि एक सेवेचं काम, ज्यात पथकाबाहेरच्या कुणाला तरी खरोखर उपयोग होईल. वृक्षारोपण तुमच्या यादीत आहेच. ते ठेवायचं असेल तर सोबत वर्षभर पाणी घालण्याची पाळीही लावा. नाहीतर त्यातून फोटोपलीकडे काही निघत नाही.

स्काउटिंगच्या जागतिक दिनदर्शिकेतले दिवस तुम्हाला मोहात पाडतील. २२ फेब्रुवारीला स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस असतो, १ ऑगस्टला स्कार्फ डे, ऑक्टोबरमध्ये रेडिओवरून आणि इंटरनेटवरून जगभरच्या स्काउटांशी बोलण्याचा जांबोरी, म्हणजे मेळावा. रेडिओचा उपक्रम १९५८पासून चालत आलाय आणि मुलांना मनापासून आवडतो, पण त्यासाठी परवाना असलेला हौशी रेडिओवाला गाठावा लागतो आणि त्याच्याशी महिना-दोन महिने आधी बोलावं लागतं. पहिल्या वर्षी यातला एकच दिवस नीट करा. बाकीच्या दिवशी स्कार्फ घालून सभेला आलात तरी पुरे.

आता खरी बैठक, चार संघनायक आणि त्यांचे उपनायक यांची. त्याआधी आठवडाभर प्रत्येक संघाने आपल्यात बोलून तीन गोष्टी ठरवून आणायच्या. इथे थोडं जवळून बघू, कारण बहुतेक पथकं इथेच घसरतात. ‘यंदा काय करायचं?’ असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: ‘कॅम्प!’, ‘गेम्स!’ आणि कुणीतरी हमखास ‘काहीही चालेल’. मोठी माणसं इथे सुस्कारा टाकतात आणि स्वतःचं कोष्टक बाहेर काढतात. तुम्ही पुढचा प्रश्न विचारा. ‘कॅम्प म्हणतेस ना, मग सांग, रात्रीचे नऊ वाजलेत, तू काय करतेयस?’ ‘टॉर्च घेऊन शोधतेय.’ ‘कुणाला?’ ‘दुसऱ्या संघाला.’ ‘सापडणार कसे?’ ‘त्यांनी वाटेत खुणा सोडल्यात… पण काही खोट्या!’ बघा, रात्रीचा माग काढण्याचा खेळ हाती आला. त्याला मागाच्या खुणा यायला हव्यात, होकायंत्र यायला हवं, अंधारात संघ फुटू न देण्याची शिस्त हवी. तीन-चार सभांचा ऐवज एका मुलीच्या तोंडून निघाला. आणि त्या सभांना ती दांडी मारणार नाही, कारण खोट्या खुणांची कल्पना तिची आहे.

तुमचे तेवीस रकानेही या बैठकीत कामाला येतील. त्यांच्या चिठ्ठ्या करा आणि टेबलावर पसरा. मुलांनी हव्या त्या उचलाव्यात, नको त्या बाजूला साराव्यात. ‘नकाशावाचन’ कुणी उचलणार नाही. ‘डोळे बांधून सोडलेल्या जागेवरून परत यायचं’ अशी चिठ्ठी मात्र हातोहात जाईल, आणि तिच्या पोटात नकाशावाचन आहेच.

नकाराचा अधिकार तुमच्याकडे ठेवा, पण त्याची कारणं तीनच: सुरक्षितता, पैसा आणि तारखा. ‘मला नाही वाटत मजा येईल’ हे कारण चालणार नाही. जे नाकाराल त्याचं कारण तिथल्या तिथे सांगा. मुलं नकार पचवतात. ‘बघू’ म्हणून गुंडाळलेली गोष्ट मात्र त्यांच्या वर्षभर लक्षात राहते.

खुंट्या ठोकल्या, त्यांना मुलांनी आकार दिला, की उलटं मोजायला लागा. मध्यावरच्या शिबिराच्या आधीचे दहा आठवडे घ्या. दहाव्या आठवड्याला जागा पक्की आणि तुमच्या संस्थेची परवानगी मागितलेली. आठव्याला तुम्ही, एक सहायक आणि दोन संघनायक जागा बघून आलेले. पाणी कुठे आहे, गाडी कुठपर्यंत जाते, सगळ्यात जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, फोनला रेंज आहे का, एवढं तरी लिहून आणा. सहाव्याला पालकांकडे पत्र आणि आरोग्याचा फॉर्म. मग मुलांच्या बाजूने विचारा: पहिल्या संध्याकाळी या अकरा वर्षांच्या पोराला नक्की काय यायला लागेल? अंधार पडायच्या आत तंबू उभा करता यायला हवा, चूल किंवा स्टोव्ह मोठ्यांच्या देखरेखीखाली पेटवता यायला हवा, आपली पिशवी पाच मिनिटांत शोधता यायला हवी. म्हणजे मधल्या सभांत तंबूची तालीम, एकदा उजेडात आणि एकदा दिवे मालवून. दुसऱ्या वेळी एका संघाच्या पिशवीतून तंबूच्या चार खुंट्या गुपचूप काढून घ्या आणि बघा काय करतात. कुणी दगड शोधतं, कुणी शेजारच्या संघाकडे उसन्या मागतं, कुणी भांडतं. शिबिरात नेमकं हेच होणार असतं. क्लोव्ह हिच ही गाठ आणि स्क्वेअर लॅशिंग ही काठ्या आडव्या-उभ्या बांधण्याची पद्धत त्याच ओघात येतात, कारण ताटं ठेवायला मांडणी बांधायची आहे. ‘गाठींचा दिवस’ असा वेगळा रकाना तुम्हाला लागणारच नाही.

बेडन-पॉवेल यांनी १९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक मुलांचे चार संघ केले होते आणि दर दिवसाला एक विषय दिला होता: एक दिवस निरीक्षणाचा, एक जंगलविद्येचा, एक जीव वाचवण्याचा. आदल्या रात्री शेकोटीपाशी त्या विषयाच्या गोष्टी, सकाळी प्रात्यक्षिक आणि मग त्यावर बेतलेला खेळ. हा साचा आठवड्याच्या सभेलाही लागू पडतो. या सभेच्या शेवटच्या पाच मिनिटांत पुढच्या विषयाची गोष्ट सांगा आणि पुढच्या सभेची सुरुवात त्याच्या खेळाने करा. बाकी सभेचा आराखडा फार कुरवाळत बसू नका. येणारी मुलं एकेक करून येतात, म्हणून पहिला खेळ असा ठेवा की ज्यात मधूनच शिरता येईल. हजेरी आणि सूचना नंतर.

भटकंतीचा वेळ ठरवताना नेस्मिथचा जुना नियम हाताशी ठेवा. १८९२ साली एका स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला आहे: सपाटीला तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. दहा किलोमीटर आणि तीनशे मीटर चढ म्हणजे अडीच तास. पण हा हिशेब तगड्या प्रौढांचा आहे आणि त्यात थांबे धरलेले नाहीत. पाठीवर पिशवी घेतलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मी त्यात निम्मा वेळ आणखी घालते, म्हणजे पावणेचार तास, आणि वर खाणं, बुटाची नाडी, फुलपाखरू यांसाठी एक तास. पिशवीचं ओझंही आधी मोजा. मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावं. पस्तीस किलोच्या मुलाला सात किलो, त्यातले दोन किलो नुसते दोन लिटर पाण्याचे. निघायच्या आदल्या सभेला वजनकाटा आणा. कुणी काय काय भरलंय ते उघडून बघण्यात सगळ्यांचाच तासभर मजेत जातो.

प्रथमोपचाराला मात्र एक सभा देऊन मी तुम्हाला मोकळं होऊ देणार नाही. वर्षातून एकदा पट्टी बांधली तर पुढच्या वर्षी ती कुणाच्या हाताला आठवत नाही. खेळ रंगात आला की शिट्टी मारा: ‘हिचा हात भाजलाय. तुमचा संघ काय करणार?’ मुलं पुस्तकी उत्तर देतील की वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. ‘बरं, धरा.’ एकीचा हात नळाखाली किंवा जगमधल्या पाण्याच्या बारीक धारेखाली खरोखर वीस मिनिटं धरायला लावा. तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते, सातव्याला कुणीतरी ‘झालं ना?’ विचारतं, आणि पाणी पुरवायचं कसं, तिला थंडी वाजायला लागली तर काय, निरोप कुणी द्यायचा, हे प्रश्न आपसूक येतात. वीस मिनिटं किती लांब असतात हे असंच कळतं. असे अचानक प्रसंग वर्षभर पेरा. त्यांना रकाना लागत नाही.

उरलेल्या सभांपैकी साधारण एक तृतीयांश कोऱ्या सोडा. तिथे फक्त ‘संघाची सभा’ असं लिहा. त्या दिवशी प्रत्येक संघ आपलं आपण काहीतरी करेल आणि तुम्ही कोपऱ्यात बसाल. पहिल्या एक-दोन वेळा गोंधळ होईल, एखादा संघ नुसता गप्पा मारेल. मारू द्या. याशिवाय एका खोक्यात अशी एक सभा कायम तयार ठेवा, जिला काहीच तयारी लागत नाही: दोर, जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी, चार होकायंत्रं आणि एका कागदावर सूचना. सहायक आजारी पडला किंवा पावसाने मैदान गेलं की खोकं उघडायचं.

बॅजचं म्हणाल तर क्रम उलटा करा. बॅजसाठी सभा ठरवू नका. प्रत्येक खुंटीनंतर संघनायकासोबत बसून ताळा करा की या शिबिरात कुणाकडून काय काय होऊन गेलंय. बऱ्याच अटी नकळत पूर्ण झालेल्या सापडतील. जे राहिलंय तेवढं त्या मुलाला सांगा, त्याने ठरवावं. पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच एका पानाचं पत्र द्या, त्यात चार तारखा, अंदाजे एकूण खर्च आणि ‘प्रत्येक मुलाची प्रगती त्याच्या वेगाने होते’ हे एक वाक्य. खर्च आधी सांगण्याचं कारण असं की ज्या घराला तो झेपणार नाही, त्यांना तुमच्याशी खाजगीत बोलायला वेळ मिळतो. शिबिराच्या आदल्या आठवड्यात ‘तिला ताप आलाय’ असा जो निरोप येतो, तो दर वेळी तापाचा नसतो.

पालकांकडे मदत मागताना नेमकी मागा. ‘कुणी मदत करेल का?’ या प्रश्नावर सगळे ग्रुपवर अंगठा दाखवतात आणि येत कुणी नाही. ‘या शनिवारी सकाळी नऊ ते बारा, सामान न्यायला गाडीसकट एक जण हवा’ असं लिहा. सहायकांनाही दर आठवड्याचा भार देऊ नका. प्रत्येकाला एक खुंटी पूर्ण सोपवा, सेवेचं काम एकाकडे आणि भटकंती दुसऱ्याकडे. आणि मोठं माणूस मुलांसोबत एकटं असता कामा नये, कायम किमान दोघं हवेत, हा नियम माणसांची कितीही ओढाताण झाली तरी सोडू नका. दोघं नसतील त्या दिवशी सभा रद्द.

घड्याळ बघणारी चौदा-पंधराची मुलं. त्यांना ‘तुम्ही आता मोठे, लहानांना शिकवा’ म्हणून बिनपगारी मदतनीस करून टाकणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे आणि पोरं त्यानेच पथक सोडतात. थोडं शिकवू दे जरूर, पण वर्षात एक गोष्ट फक्त त्यांची हवी. त्यांनी आखलेली एका रात्रीची मोहीम चांगली चालते. मार्ग, शिधा, तंबू, वेळापत्रक सगळं त्यांचं. दोन मोठी माणसं थोडं मागून चालतील आणि विचारल्याशिवाय बोलणार नाहीत. तारीख वर्षाच्या पहिल्या सहामाहीतली द्या. शेवटी ठेवलीत तर तोवर निम्मे गळालेले असतील.

राहिला तो लाजाळू नायक. लगेच बदलू नका. त्याला चारचौघांत बोलायला लावणारी कामं कमी द्या आणि हातात यादी असणारी कामं द्या: शिध्याचा हिशेब, तंबूचं सामान, निघताना मोजणी. ज्याच्याकडे यादी असते त्याच्याकडे संघाला सारखं यावंच लागतं. दर सभेआधी दहा मिनिटं त्याच्याशी आणि त्याच्या उपनायिकेशी बोला आणि सूचना कायम त्याच्यामार्फत जाऊ द्या, तुम्ही थेट संघाला सांगायला जाऊ नका. तुम्ही त्याला डावलून बोललात की संघही तेच करतो, आणि सध्या थोडंसं तसंच होत असावं असा माझा अंदाज आहे. मध्यावरच्या शिबिरानंतर त्याला एकट्याला बोलावून विचारा, पुढे चालवायचंय का? तो हो म्हणाला तर वर्षअखेरपर्यंत ठेवा. नाही म्हणाला तर संघाला नवा नायक निवडू द्या आणि यादीचं काम त्याच्याकडेच राहू द्या.